दहा सुया आणि एक न सांगितलेली कॅप्सूल

वरणभात खाताना माझी दाढ तुटली. सुपारी नाही, चिक्की नाही, मऊ वरणभात. दोन वर्षांपूर्वीची गणेश चतुर्थी. घरात दहा-बारा माणसं, नैवेद्य दाखवून नुकती पानं वाढलेली, आणि दुसऱ्याच घासाला डावीकडे कट् असा आवाज आला. जिभेवर खडा आल्यासारखं वाटलं. तांदूळ नीट निवडले गेले नाहीत असं म्हणत मी तो हातावर घेतला, तर दाढेचा तुकडा.

मी मुलुंड पूर्वेला राहते. फोर्टातल्या एका सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं ऑडिटचं काम करते आहे. आमचं सगळं आयुष्य तारखांवर चालतं. ११ आणि २० तारखा जीएसटीच्या, ३१ जुलै रिटर्नची, ३० सप्टेंबर टॅक्स ऑडिटची. गणपती बहुतेक वर्षी या शेवटच्या तारखेच्या तोंडावरच येतात. त्या वर्षी जूनमध्ये माझ्या हाताखालची दोन मुलं नोकरी सोडून गेली. जुलैत आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाऊ पुण्याला, म्हणून आई माझ्याकडे. सकाळी तिचं आवरून, बाईंना सगळं समजावून मी लोकल पकडायची आणि रात्री साडेनऊला घरी पोचायची. तरी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सगळं ठीक चाललंय. मी रडत नव्हते, कोणावर ओरडत नव्हते, एकही फाइल उशिरा गेली नव्हती. टेन्शन येतं ते दुसऱ्या लोकांना, असं मला मनापासून वाटायचं.

दातांच्या डॉक्टरांनी दाढ पाहिली आणि दाढेबद्दल काही बोलण्याआधी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर कानापाशी दुखतं का? कानशिलं जड वाटतात?’

दुखायचं. कित्येक महिने दुखत होतं. लोकलच्या दारातल्या वाऱ्यामुळे असेल म्हणून मी स्कार्फ बांधत होते.

‘तुम्ही झोपेत दात खाता, ताई.’

आमच्या लहानपणी झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंत झालेत म्हणून औषध पाजायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. दाढांवरचे उंचवटे घासून सपाट झाले होते. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांच्या खुणा होत्या, करंजीच्या मुरडीसारख्या. मग त्यांनी माझीच बोटं माझ्या गालांवर ठेवली आणि दात आवळायला सांगितलं. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, लिंबाएवढा टणक गोळा वर आला. चावण्याचा स्नायू म्हणे. झोपेत माणूस जागेपणीपेक्षाही जास्त जोराने दात आवळू शकतो, कारण तेव्हा दुखतंय म्हणून थांबवणारं कोणी जागं नसतं.

दाढेला कॅप बसली आणि रात्री घालायला नाइटगार्ड मिळाला, वरच्या दातांवर बसणारी पारदर्शक कडक पट्टी. देताना डॉक्टर म्हणाल्या, ‘हा दात वाचवेल. आवळणं थांबवणार नाही. ते कुठून येतंय ते तुम्हाला शोधायला लागेल.’

शोधायचं म्हणजे काय करायचं, मला खरंच कळत नव्हतं. टॅक्स ऑडिट पार पडलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी दादरच्या ॲक्युपंक्चरवाल्या मॅडमचं नाव सुचवलं. त्यांचा आखडलेला खांदा तिथे मोकळा झाला होता. मी आधी पाटीवरचा नोंदणी क्रमांक पाहिला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषदही आहे, एवढं मी जाण्याआधी वाचून ठेवलं होतं. कागद पाहिल्याशिवाय पाऊल न टाकायची माझी सवय. ती सवय पुढे नेमक्या नको त्या जागी सुटली, ते सांगतेच.

हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतीचा तळमजला. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. सोलापूरचे कोटणीस, परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, १९३८ साली चीनला मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले एक. १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले, वय अवघं ३२. मला वाटलं, सुयांची विद्या त्यांनीच आणली असणार. मॅडमनी दुरुस्त केलं. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सुया आणल्या त्यांच्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बी. के. बसूंनी. ते १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले आणि शिकून आले. मॅडम हे इतक्या आपुलकीने सांगत होत्या, जणू घरातल्याच वडीलधाऱ्यांबद्दल बोलताहेत.

पहिल्या दिवशी सुईआधी पाऊण तास प्रश्नच होते. झोप किती वाजता लागते, किती वाजता मोडते. तीनच्या सुमारास जाग येते का? पोट कसं आहे? पाळी? हातपाय गार पडतात का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पेसमेकर? काही खाऊन आलात ना? उपाशीपोटी सुया टोचल्या तर कधीकधी भोवळ येते, म्हणून त्या दोन बिस्किटं खाल्ल्याशिवाय झोपू देत नाहीत. जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. चालू औषधांत मी थायरॉइडची गोळी सांगितली, थायरॉक्सिन ७५, गेली नऊ वर्षं. एवढंच. तेव्हा खरोखर एवढंच होतं.

सुयांची मला भीती होती. मॅडमनी पाकीट माझ्यासमोर फोडलं. सुई केसाहून जाड, पण इंजेक्शनच्या सुईपुढे काहीच नाही, पाव मिलिमीटरची, पोकळ नसलेली, वाकवली तर वाकणारी. ती प्लॅस्टिकच्या बारीक नळीत असते. नळी कातडीवर टेकवायची, वर आलेल्या टोकावर बोटाने टिचकी मारायची, सुई आत जाते, नळी काढून घ्यायची. टिचकी कळते, टोचणं जवळजवळ नाही. मग त्या सुई दोन बोटांत धरून जराशी फिरवतात. तेव्हा जे होतं ते वेगळंच. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, हेगू म्हणतात त्या बिंदूला, आधी काही नाही आणि मग खोलवर जड ठणका, बोटांपर्यंत पसरत जाणारा, हात पाण्यात बुडवून ठेवावा तसा. ‘आलं?’ त्यांनी विचारलं. चिनी परंपरेत याला तेची म्हणतात, म्हणजे ची, शरीरात वाहणारी ऊर्जा, आली. तो जडपणा आला की सुई जागेवर लागली असं त्या मानतात.

त्या दिवशी दहा सुया होत्या. दोन्ही हातांचे हेगू, दोन्ही मनगटांवर करंगळीच्या बाजूचे शेनमेन, दोन्ही पायांवर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एकेक, डोक्यावर टाळूला एक, भुवयांच्या मधोमध एक. टिकलीच्या जागेच्या त्या बिंदूचं नाव यिनतांग. उरलेल्या दोन सगळ्यात शेवटी, जबड्यावरच्या त्या लिंबांत.

डाव्या गालातली सुई आत गेली आणि स्नायू आपोआप उडाला. मासा गळाला लागल्यावर दोरी हिसकते तसा, एकदा, दोनदा. मग काहीतरी सैल झालं. माझे वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटले. तेव्हा मला कळलं की ते दिवसाढवळ्यासुद्धा चिकटलेलेच असतात. गप्प बसलेल्या माणसाचे दात एकमेकांना टेकायला नकोत, ओठ मिटलेले, दात सुटे, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ते पटलं नव्हतं. असं कोण बसतं, म्हणून सोडून दिलं होतं.

पंचवीस मिनिटं. दिवा मंद केला, मॅडम बाहेर गेल्या. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. हलता येत नव्हतं, फोन हातात घेता येत नव्हता. आई पडल्यापासून मी एकदाही अशी, कोणाच्याही कामी न येता, पडून राहिले नव्हते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसता येईना, कारण हातात सुया. ते कानात गेलं. दुःख असं काही वाटत नव्हतं. नुसतं पाणी येत होतं, बराच वेळ.

सुया काढून मॅडमनी एकेक मोजत पांढऱ्या कडक डब्यात टाकली. पाण्याबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त रुमाल दिला. हाताला एक निळा डाग राहिला, तो चार दिवसांत गेला.

पुढे दर गुरुवारी संध्याकाळी दादरला उतरायचं ठरलं. दहा गुरुवार. प्रत्येक वेळचं सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या वेळी काहीच वाटलं नाही, पाचव्या वेळी सुयांसकट गाढ झोप लागली.

मी वहीत नोंदी ठेवत होते, हे मात्र सांगायला हवं. सकाळी उठल्यावर जबड्याचं दुखणं शून्य ते दहा, झोप किती तास, रात्री किती वेळा जाग. पहिल्या आठवड्यात दुखणं सात-आठ, झोप साडेचार तास. सहाव्या आठवड्यात दुखणं तीन, झोप सहा तास. आकडे खरे आहेत. ते सुयांमुळे की पंचवीस मिनिटं शांत पडून राहिल्यामुळे की एका माणसाने पाऊण तास माझी चौकशी केल्यामुळे, हे वहीवरून ठरवता येत नाही. मुलाने या विषयावरचं बरंच वाचून दाखवलं. जुनाट दुखण्यांबद्दल सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०१२ साली छापून आलं होतं. त्यात खऱ्या सुया खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या सुयांपेक्षा थोड्याच सरस ठरल्या, पण काहीच न करण्यापेक्षा बऱ्याच सरस. मनावरच्या ताणाबद्दलचा पुरावा त्याहून कच्चा आहे. मला याने वाईट वाटलं नाही. जबडा माझा सैल झाला होता, तो कोणत्या खात्यावर टाकायचा एवढाच प्रश्न होता.

आणि वहीत आणखी एक गोंधळ होता, तो मीच केला होता.

सुया सुरू झाल्या त्याच आठवड्यात धाकट्या जाऊबाई आईला बघायला आल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी पर्समधली बाटली काढून माझ्या हातात ठेवली. अश्वगंधा, ५०० मिलिग्रॅमच्या अर्काच्या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एकेक. ‘वहिनी, आपलंच आहे, आयुर्वेदिक. हिचा काही साइड इफेक्ट नाही. घ्याच.’ त्यांच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. मी घ्यायला लागले. मॅडमना सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरांना सांगितलं नाही. फॅमिली डॉक्टरांना सांगायचा तर प्रश्नच मनात आला नाही. कारण ती माझ्या लेखी गोळी नव्हतीच. हळद घातलेलं दूध घेतो ते आपण डॉक्टरांना सांगतो का?

पहिला महिना ती मला लागू पडली, हे मान्य करायलाच हवं. झोप लवकर लागायची, दुपारची चिडचिड कमी झाली. अश्वगंधेवर लहान लहान चाचण्या झाल्या आहेत. २०१२ साली भारतात ६४ जणांवर झालेल्या एका चाचणीत दोन महिन्यांनी ताण आणि ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल, दोन्ही उतरलेले दिसले होते. म्हणजे हे नुसतं आजीबाईंच्या बटव्यातलं ऐकीव नाही. त्या मुळीत काम करण्याइतका दम आहे. आणि ज्यात दम आहे ते फक्त आपल्याला हवं तेवढंच काम करून गप्प बसत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर छातीत धडधड सुरू झाली. कुर्ल्याच्या पुलावर चढताना, मग बसल्या जागीही. हात कापायचे, पेन धरला की अक्षर थरथरायचं. झोप पुन्हा चारवर आली. वजन तीन किलो उतरलं. थंडीतही मला पंखा लागायचा, आई पांघरुणातून तक्रार करायची. मी याचा अर्थ एकच लावला, ताण वाढलाय. मग ताणावर उपाय काय? अश्वगंधा. दोनाच्या तीन कॅप्सूल केल्या.

हे लिहिताना आजही पोटात खड्डा पडतो.

ओळखलं मॅडमनी. आठव्या की नवव्या गुरुवारी मनगटावर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा बदलला. ‘नाडी फार जलद आहे. आज सुया नकोत. आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि थायरॉइडची तपासणी करा.’ फीसुद्धा घेतली नाही. आपल्याकडे आलेल्या माणसाला ‘हे माझं काम नाही’ असं सांगून योग्य दारात पाठवणं याला मी फार मानते. त्यांच्याबद्दलचा माझा विश्वास सुयांनी बसला त्यापेक्षा त्या दिवशी जास्त बसला.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक. अंगात थायरॉइड जास्त झालं की ते खाली जातं. माझं दरवर्षी अडीच-तीनच्या आसपास असायचं. या वेळी ०.१२ आलं. म्हणजे अंगात थायरॉइडचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त. फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, गोळी दोनदा तर घेत नाही ना? नाही. ब्रँड बदलला? नाही. ‘दुसरं काही घेता?’ मी नाही म्हणणार होते. तोंडात आलंच होतं. शेजारी नवरा बसला होता, तो म्हणाला, ‘अगं, ती अश्वगंधा?’

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अश्वगंधेने काही जणांत थायरॉइडचं संप्रेरक वाढतं. ज्यांची ग्रंथी मंद आहे आणि जे वरून थायरॉक्सिन घेतात, त्यांच्यात दोन्ही मिळून मात्रा जास्त होऊ शकते. आणि जास्त झालेल्या थायरॉइडची लक्षणं कोणती? धडधड, थरथर, झोप उडणं, घाम, अस्वस्थपणा. मी ज्याला ताण म्हणत होते तेच. काही लोकांच्या यकृतालाही तिचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून त्यांनी तीही तपासणी करून घेतली, ती सुदैवाने स्वच्छ आली. कॅप्सूल त्या दिवशी बंद. थायरॉक्सिन तेवढंच ठेवलं. सहा आठवड्यांनी टीएसएच २.१.

बावीस वर्षं मी लोकांकडे कागद मागते आहे. एखाद्या क्लायंटने छोटंसं बँक खातं सांगितलं नाही, ‘त्यात काय मॅडम, किरकोळ आहे’ म्हणाला, तर मी त्याला फैलावर घेते. किरकोळ काय आणि नाही ते तुम्ही ठरवायचं नाही, आम्हाला सगळं द्या. आणि स्वतःच्या शरीराबाबत मी तेच केलं. तीन ठिकाणी उपचार घेत होते आणि तिघांनाही अर्धेच कागद दिले होते. यात जाऊबाईंचा दोष मी धरत नाही. ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हे आपल्या घराघरांत बोललं जातं, मीही कित्येकांना बोलले आहे.

या प्रकारानंतर आयुर्वेदाचं नाव काढायचं नाही असं नवरा म्हणत होता. मला ते पटेना. चूक औषधाची नव्हती, न विचारता घेण्याची होती. फेब्रुवारीत मी गिरगावातल्या एका वैद्यांकडे गेले, आमच्या माहेरच्या ओळखीचे, सत्तरी ओलांडलेले. या वेळी सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, रिकामी अश्वगंधेची बाटलीसुद्धा पिशवीत घालून नेली आणि टेबलावर ओतली.

वैद्यांनी बाटली हातात घेऊन वाचली. ‘अश्वगंधा मी रोज देतो,’ ते म्हणाले. ‘पण कोणाला, किती, कशाबरोबर, किती दिवस, हे ठरवून. आम्ही मुळाचं चूर्ण दुधाबरोबर देतो. हा कोंडून घट्ट केलेला अर्क आहे. त्याचा हिशेब चूर्णावरून धरता येत नाही.’ मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. सर्पगंधा वैद्यांना शेकडो वर्षं माहीत होती, उन्मादावर, झोपेवर. याच मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ते काम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आलं. जगाचं लक्ष गेलं. १९५२मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि सगळीकडे गोळ्या सुरू झाल्या. काही वर्षांत लक्षात आलं की काही रुग्ण या औषधाने खोल उदासीत जातात. ‘झाडाचं मूळ,’ वैद्य म्हणाले, ‘मन शांत करणारं, आणि तेच मन बुडवणारं. ताई, ज्याला साइड इफेक्ट नाही त्याला इफेक्टही नसतो.’

त्यांनी मला अश्वगंधा दिली नाही. फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी लिहून, थायरॉइडची गोळी तशीच चालू ठेवायची असं बजावून, जटामांसीचा फांट दिला. रात्री जेवणानंतर, एक कप उकळतं पाणी, त्यात चिमूटभर भरड, झाकण ठेवून गाळून घ्यायचं. वास मातीचा आणि जुन्या कपाटाचा, चव कडवट. ही जटामांसी हिमालयात उंचावर होते, इतकी खणली गेली आहे की आज ती नष्ट होण्याच्या वाटेवर असलेल्या वनस्पतींत मोजतात, आणि म्हणूनच बाजारात भेसळही खूप. वैद्य म्हणाले, कुठून घ्यायची ते मी सांगतो, दादरच्या कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानातून उचलू नका. ब्राह्मीचंही तसंच. एक दुकानदार नीरब्राह्मी देतो, दुसरा मंडूकपर्णी, दोघंही ब्राह्मीच म्हणतात आणि दोन्ही झाडं पूर्ण वेगळी. फांट सहा आठवडे झाला की बंद, महिनाभर काही नाही, मग पुन्हा बघू.

आणि चहा. दिवसाला किती? मी म्हटलं तीन-चार. ‘ऑफिसात मोजा.’ मोजले, सात कटिंग. शेवटचा संध्याकाळी साडेसातला. तो आधी बंद करायला लावला. खरं सांगायचं तर माझ्या वहीतली झोपेची सगळ्यात मोठी उडी साडेसातचा चहा सुटला त्या आठवड्यातली आहे.

रात्री तळपायांना तिळाचं तेल लावून काशाच्या वाटीने दहा मिनिटं घासायला सांगितलं होतं. स्वतःचं स्वतः करणं मला जमेना, कंबर दुखायची. मग आईने ते काम मागून घेतलं. ती खुर्चीत, मी खाली चटईवर, पाय तिच्या मांडीवर. तिला वाकायला लागायचं नाही आणि दिवसभर काही काम नाही म्हणून तिचं जे कुढणं चालायचं त्यालाही उतार पडला. ‘पाय बघ कसे केलेस,’ असं म्हणत ती वाटी फिरवायची. वाटी काळी पडायची, ती म्हणायची, उष्णता निघाली. तेल आणि कासं एकमेकांवर घासल्याचा तो रंग असावा, पण मी तिला तसं म्हणू दिलं.

वैद्यांनी आणखी एक सांगितलं होतं. चरकाने उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक देवाधर्माचा, दुसरा औषध-आहाराचा, आणि तिसरा सत्त्वावजय, मनाला त्याच्या घातक गोष्टींपासून आवरणं. ‘दुसरा मी करतो. तिसरा मी पूर्ण करू शकत नाही. त्याला माणूस लागतो बोलायला.’ त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवलं आणि मी गेले. ते वेगळं प्रकरण आहे, इथे लिहीत नाही. फक्त इतकंच, की तिथे पोचायला मला सुया, फांट आणि काशाची वाटी हे तिन्ही टप्पे लागले. थेट गेले नसते. ज्यांना एवढे टप्पे घ्यायला उसंत नाही, रात्र निघणं कठीण झालंय, त्यांनी माझ्यासारखं वळसा घालू नये. सरकारची टेली-मानस म्हणून १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलतात.

ऑफिसात मी सरांशी बोलले. एक मुलगी नवी घेतली, सप्टेंबरात दोन क्लायंट दुसऱ्या फर्मला दिले. हे ना सुईत होतं ना मुळीत, पण सैल जबड्यानेच मला ते तोंडावर म्हणता आलं असं वाटतं. भाऊ आता वर्षातून तीन महिने आईला पुण्याला नेतो.

पर्समध्ये एक कागद असतो. थायरॉक्सिन ७५, सकाळी उपाशीपोटी. फांट चालू असेल तर त्याच्या तारखा. सुयांच्या तारखा. गेल्या वेळचं टीएसएच. कोणत्याही डॉक्टरांसमोर बसले की आधी तो पुढे करते. जाऊबाईंनीही आपली तपासणी करून घेतली, त्यांचं सगळं ठीक आहे, पण कॅप्सूल त्यांनी वैद्यांना विचारून मगच ठेवली.

मॅडमकडे आता महिन्यातून एकदा जाते, सप्टेंबरात दर गुरुवारी. जबडा पूर्ण सुटलेला नाही. यंदाही ऑडिटच्या शेवटच्या आठवड्यात वहीत पाच लिहिलं. पहिला नाइटगार्ड अकरा महिन्यांत डावीकडे आरपार झिजला होता. दुसऱ्याला परवा चौदा महिने झाले. दातांच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून, बोट फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, डावीकडे नुसता ओरखडा आहे, अजून चालेल. मी तो धुऊन डबीत ठेवला, रात्री घातला.